अकरा मेंढरांचा कॉम्प्युटर

वडवणीच्या बसस्टँडसमोरच्या गाळ्यात लागलेली चाळीस दिवसांची पैज अंगदने जिंकली. लिनक्सला व्हायरस लागत नाही, हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. पण असं काही घडलंच नाही. तसा लेखी ठराव आहे, त्यावर खुद्द अंगदची सही आहे, आणि सहीच्या कागदाविरुद्ध जायची आपली ऐपत नाही. तेव्हा वरची दोन वाक्यं आपण वाचलीच नाहीत असं धरून पुढे जाऊ.

अंगद फ्लॉपीला लोकर बांधत होता.

फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक बारीक चौकोनी भोक असतं. ते कशासाठी ठेवलंय हे करणाऱ्याला ठाऊक. अंगदच्या लेखी ते दोरा ओवण्यासाठी होतं. त्याने तांबड्या लोकरीचा दोरा ओवला, दोन वेढे दिले, गाठ मारली, दोन्ही टोकं लोंबती ठेवली आणि फ्लॉपी खिडकीच्या सुतळीवर टांगली. वर चिकटपट्टी लावून तारीख लिहिली. सुतळीवर अशा नऊ फ्लॉप्या वाऱ्याने हलत होत्या.

"तुझं लिनक्स लई दमदार हाय म्हणतो ना," शेजारच्या खुर्चीतून विश्वेश्वर म्हणाला, "मग ह्या गरिबाला एकवीस दिस फासावर कावून लटकवतो बे?"

"मेंढरू दमदार हाय म्हणून काय बाजारातनं आणलेल्या कोणच्याबी जनावराशेजारी बांधायचं का?"

"एकवीस दिसात व्हायरस मरतो व्हय?"

"मरत न्हाई. पण तवर फ्लॉपीचा मालक बोंबलत येतो, की माझं मशीन गेलं म्हणून. मग आपल्याला कळतंय."

असे दोन मालक खरोखरच बोंबलत येऊन गेले होते.

अंगदच्या घरात मेंढरं पिढ्यान्‌पिढ्यांची. नवं जनावर आणलं की त्याच्या गळ्यात तांबडी लोकर बांधायची, एकवीस दिवस वेगळं ठेवायचं, काही निघालं नाही तर लोकर कापून कळपात सोडायचं, ही त्यांची रीत. विश्वेश्वर हा किराणा-भुसारवाल्या शिवलिंगप्पांचा धाकटा मुलगा. दोघे बीडला वर्षभर कॉम्प्युटर शिकले, एकाच खोलीत राहिले, एकाच पातेल्यातली खिचडी खाल्ली आणि परत येऊन त्यांनी या गाळ्यात 'विश्वांगद कॉम्प्युटर्स' हा क्लास काढला. मशीन दोन. विश्वेश्वरचं दुकानाच्या गल्ल्यातून आलं. अंगदचं अकरा मेंढरं विकून आलं. त्या अकरांत हरणीही गेली होती. हरणी म्हणजे कळपाच्या पुढे चालणारी मेंढी. ती वळली की सगळे वळत. अंगदचा बाप धुळाजी तिला विकायला तयार नव्हता. तेव्हा अंगदने शब्द दिला होता:

"आबा, मेंढराला रोग येतो. ह्याला येत न्हाई. मी अशी सिस्टीम टाकणार हाय की रोग लागणारच न्हाई."

ती सिस्टीम म्हणजे लिनक्स. एका इंग्रजी मासिकासोबत फुकट आलेल्या सीडीतून त्याने ती टाकली, मालकाचा पासवर्ड म्हणून हरणीचं नाव दिलं, आणि तेव्हापासून धुळाजी रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारी, "मेंढरं कशी हायती?" तो कॉम्प्युटरबद्दल विचारतोय हे घरात सगळ्यांना कळत असे.

विश्वेश्वरच्या मशीनवर विंडोज होतं. व्हायरस पकडणारा एक प्रोग्राम तो महिन्याच्या महिन्याला बीडहून नव्याने आणी. त्याचं म्हणणं असं, की घरात कुत्रं पाळलंय, आता चोर येईना का. अंगदचं म्हणणं असं, की आमच्या घराला दारच असं आहे की मालकाच्या पासवर्डाबिगर पान हालत नाही. कुत्र्याला भाकरी घाला कशाला? हा वाद आठ महिने चालला. क्लासला येणारी पोरं आधी गंमत म्हणून ऐकत. मग त्यांचे दोन तट पडले. मग तट नकोत, शिकवा काहीतरी, असं म्हणू लागली. शिकायचं त्यांना विंडोजच होतं. त्या मशीनपुढे सकाळपासून रांग असे आणि अंगदच्या मशीनपुढे अंगद असे.

"दुसऱ्यावरबी विंडोज टाकू," विश्वेश्वर एके दिवशी सरळच म्हणाला. "नसता क्लास बसल."

"माझ्या मशीनला हात लावायचा न्हाई."

"मग पैज लाव बे."

पैज लागली. पंच म्हणून शहादेवला बोलावलं. शहादेव हा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर. कॉम्प्युटर त्याने त्याआधी जवळून पाहिला नव्हता, पण लागण म्हटली की वडवणीत त्याच्याइतकं कळणारा दुसरा माणूस नव्हता, यावर दोघांचं एकमत झालं. आठ महिन्यांतलं ते त्यांचं पहिलंच एकमत. शहादेवने लसीकरणाच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीमागे अटी लिहिल्या. चाळीस दिवस बाहेरून येणारी प्रत्येक फ्लॉपी, एकवीस दिवस न थांबवता, त्याच दिवशी दोन्ही मशीनमध्ये घालायची. वापरलेली फ्लॉपी नमुना म्हणून सुतळीवर टांगायची, नोंदवहीत लिहायची. ज्याचं मशीन आधी मरेल त्याने त्यावर दुसऱ्याची सिस्टीम टाकायची, पुन्हा वाद काढायचा नाही.

"आन् आजारी पडून बरं झालं तर?" अंगदने विचारलं.

"ताप आला न् उतरला, त्याला आमी मयत धरत न्हाई," शहादेव म्हणाला.

या कलमाचा फायदा विश्वेश्वरला दोनदा झाला. दहाव्या दिवशी आणि एकोणिसाव्या दिवशी त्याच्या मशीनने ठणाणा केला, कुत्र्याने चोर पकडला, आणि शहादेवने नोंद केली: 'ताप. उतरला. चारा खातो.' अंगदचं मशीन मात्र ठणठणीत. फ्लॉप्या येत होत्या, जात होत्या, त्याला शिंकसुद्धा आली नाही.

बबिता हे सगळं बघत होती. बबिता अंगदची बायको, माहेर गेवराई तालुक्यातलं उमापूर, बारावी झालेली. क्लासमधली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी तीच होती, पण घरातली असल्यामुळे तसं कुणी म्हणत नसे. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिचं आणि अंगदचं एकच भांडण झालं, ते लोकरीच्या गाठीवरून. तिच्या माहेरी गाठीची टोकं आत दुमडून टाकत, म्हणजे मेंढरू ती चघळत नाही. अंगदच्या घरी टोकं लोंबती ठेवत, म्हणजे एकविसाव्या दिवशी कापायला सोपं. मिटलं ते असं, की गाठ अंगदनेच बांधायची.

पैज लागायच्या आठवडाभर आधी पंचायत समितीत कॉम्प्युटर चालवणाऱ्याची एक जागा निघाली. परीक्षा जूनमध्ये, बीडला, विंडोजवर.

"आवो, विश्वेश्वरभावजींच्या मशीनवर तासभर बसू का?" तिने विचारलं.

"तिथं रांग हाय. अन् ती व्हायरसची जागा हाय. हाताला वाईट सवय लागती."

"मग आपल्यावरच टाका की. परीक्षा हुईस्तोवर."

"पैज चालूय."

"पैज संपल्यावर?"

"पैज संपल्यावर तर मुळीच न्हाई. तवर आपण जिंकलेलो असू."

तिने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा अंगदने तिला समोर बसवून लिनक्स किती सुरक्षित आहे हे तासभर समजावून सांगितलं. बाहेरचा कुणी त्यातली एक फाईलही पुसू शकत नाही, हे सांगितलं. मालकाने मनात आणलं तर मात्र एका ओळीच्या आज्ञेत सगळं पुसता येतं, आणि तेव्हा मशीन 'नक्की का?' असंसुद्धा विचारत नाही, कारण मालकावर त्याचा पूर्ण विश्वास असतो, हेही सांगितलं. पासवर्ड तर तिला आधीच सांगून ठेवला होता. आपल्या माघारी कुणाला तरी ठाऊक असावा म्हणून. बबिताने सगळं वहीत उतरवून घेतलं. ती नेहमीच नीट उतरवून घेई.

तेहतिसाव्या दिवशी सकाळी विश्वेश्वर मोटरसायकल घेऊन दारात उभा राहिला.

"बस मागं. लिंबागणेशला जाऊन येऊ. संकष्टी हाय."

"तू कधीपासून संकष्ट्या धरायला लागला बे?"

"आमी महादेवाची माणसं. म्हणजे त्याच्या पोराच्याच घरी चाललोय की. बस, तुझ्या लिनक्ससाठी नारळ फोडतो."

"अन् क्लास?"

"वहिनी बसतील. न्हाई का वहिनी?"

"बसते," बबिता म्हणाली. ती चाव्या आधीच हातात घेऊन उभी होती.

विश्वेश्वरने नारळ फोडला. साबुदाण्याची खिचडी मागवली, दोनदा. चहा मागवला, तोही दोनदा. परत निघू म्हटलं की त्याला ओळखीचं कुणीतरी दिसे. एरवी गाडीवर बसवलं तर अंगदकडून उतरेपर्यंत टोमण्यांचं भाडं वसूल करणारा हा माणूस त्या दिवशी म्हणाला, "तू मनानं चांगला हाय बे अंगद्या." अंगदला वाटलं, देवस्थानाचा परिणाम असेल.

दुपारी ते परतले तेव्हा बबिता गाळ्याच्या दारात उभी होती.

"आवो, ते बंद पडलंय."

पडद्यावर सगळं काळं होतं आणि वरच्या कोपऱ्यात एकच पांढरी इंग्रजी ओळ होती. सिस्टीम सापडत नाही, असं ती म्हणत होती. अंगदने बटण दाबलं, परत दाबलं. मशीन सुरू होई, जागं झाल्यासारखं घरघरे आणि तीच ओळ दाखवी. त्याने सीडी घालून आत पाहिलं. आत काही नव्हतं. वर्षभर बसून त्याने पोरांसाठी लिहिलेले चौतीस धडे नव्हते. काहीच नव्हतं.

शहादेव सायकलवर आला. त्याने उलटा तळहात मॉनिटरच्या वरच्या कोपऱ्याला लावला, मग दुसऱ्या कोपऱ्याला.

"कानं गार पडल्यात," तो म्हणाला. "गेलं."

अंगदने विश्वेश्वरकडे पाहिलं. आठ महिने दिवसाला तीन या हिशेबाने टोमणे मारणारा विश्वेश्वर आज एकही टोमणा मारत नव्हता. तो खाली बघत पिशवीत हात घालत होता.

"अट हाय तर घेऊन टाकू," तो पुटपुटला आणि त्याने विंडोजची सीडी बाहेर काढली.

सीडीच्या कव्हराला खोबऱ्याचा एक ओला तुकडा चिकटला होता. म्हणजे ती लिंबागणेशला जाऊन आली होती. अंगदने तुकडा नखाने काढला, क्षणभर हातात धरला. प्रसाद टाकवेना, म्हणून खाल्ला.

"नमुने मोजा," शहादेवने वही उघडली. "वहीत सव्वीस हायत."

अंगद खिडकीपाशी गेला. एकेक फ्लॉपी बाजूला सारत मोजू लागला. तांबडी लोकर, दोन वेढे, लोंबती टोकं. तांबडी लोकर, दोन वेढे, लोंबती टोकं. शेवटच्या फ्लॉपीपाशी त्याचा हात थांबला. त्याने परत सुरुवातीपासून मोजलं. दुसऱ्यांदाही त्याच ठिकाणी हात थांबला. बबिता टेबल पुसत होती. टेबल मघाच पुसून झालेलं होतं.

"किती?" शहादेवने विचारलं.

"सव्वीस," अंगद म्हणाला.

सत्ताविसावी फ्लॉपी त्याने खिशात टाकली. तिच्या लोकरीला टोकं नव्हती. ती आत दुमडलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं यायच्या आत तो एकटाच गाळ्यात गेला. गाठ सोडवायला त्याला दहा मिनिटं लागली. फ्लॉपी त्याने विश्वेश्वरच्या मशीनमध्ये घातली; दुसरीकडे घालायला जागा राहिली नव्हती. कुत्र्याने ती आधी हुंगली आणि हिरव्या अक्षरांत कळवलं की हिच्यात व्हायरस नाही. आत चौतीस धडे होते. क्रमाने, नावानिशी, एकही न विसरता. उतरवल्याची वेळ होती आदल्या दिवशीची, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. अकरा दहाला विश्वेश्वर त्याच्यासमोर बसून त्याच्या ताटात खिचडीचा दुसरा चमचा वाढत होता.

बाहेरची कोणतीही फ्लॉपी त्याच्या मशीनचं काही बिघडवू शकली नव्हती. आठ महिने तो जे सांगत होता ते खरं होतं, आणि त्याचा पुरावा आता त्याच्या हातात होता. शहादेवला हाक मारायची, एवढंच बाकी होतं.

चिकटपट्टीवर नेहमीसारखी तारीख लिहिलेली होती. अंगदने तिच्यापासून बोटांवर एकवीस दिवस मोजले. एकविसावा दिवस बबिताच्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी येत होता. तोवर मालकाने बोंबलत यायचं नाही, एवढीच तिची अपेक्षा असावी.

दुपारी ती त्याच्या मशीनपुढे बसली होती. पडद्यावर विंडोजचं निळं आभाळ होतं.

"हे बगा," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तक्त्याला रेघा माराय शिकले. लई सोपं हाय."

अंगद तिच्या मागे उभा राहिला. तिने आणखी दोन रेघा मारल्यावर म्हणाला,

"टोकं आत दुमडली की गाठ सोडवायला लई वेळ लागतो."

तिची बोटं कळांवर थांबली. तक्त्याची एक रेघ अर्धवटच राहिली.

"बाहेर ठेवली तर मेंढरू खातं," ती म्हणाली.

मग तिने रेघ पुरी केली.

संध्याकाळी धुळाजी ओट्यावर बसला होता. आत चुलीपुढे बबिता भाकरी थापत होती.

"मेंढरं कशी हायती?"

"गेली, आबा."

धुळाजीने हातातली काठी भिंतीला टेकवली. "अकराच्या अकरा?"

"हां."

"काय झालतं?"

"लागण."

"नवं जनावर आणलतं का कळपात?"

"न्हाई."

धुळाजीने जन्मभर मेंढरं राखली होती. त्याला विचार करायला वेळ लागला नाही.

"मग घरातनंच," तो म्हणाला.

आतली भाकरीची थाप थांबली. जरा वेळाने पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा हळू.

एक्केचाळिसाव्या दिवशी शहादेवने ठराव लिहिला, की अंगद धुळाजी यांचे मशीन पैजेच्या मुदतीत व्हायरसने मयत झाले, सबब विंडोज ही अधिक सुरक्षित सिस्टीम होय. लिहून झाल्यावर त्याने अंगदकडे कागद सरकवला.

"व्हायरसच हुता ना? तुला काय म्हणायचं असंल तर आताच म्हण. माझं काय, मी खोडून परत लिहितो."

विश्वेश्वर छताच्या पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

अंगदने खिशाला हात लावला. फ्लॉपी तिथंच होती, लोकरीसकट. त्याने खिशातून पेन काढलं.

"व्हायरसच हुता," तो म्हणाला आणि सही केली.

"अंगद्या," विश्वेश्वर म्हणाला, "बोर्डावर तुझं नाव राहू दे बे. मी काढत न्हाई."

"राहू दे."

नंतर शहादेव निघाला तेव्हा अंगदने त्याच्या हातात घडी घातलेला एक कागद दिला. हा साहेबांच्या टेबलावर ठेव, म्हणाला. शहादेव हा अटी पाळणारा माणूस. त्याने तो उघडून न वाचता दवाखान्यात नेला, त्यावर शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि लाळ्या-खुरकुताच्या फाईलीत लावून दिला. तो अजून तिथेच असावा. मजकूर येणेप्रमाणे:

'प्रति, मा. पशुधन विकास अधिकारी, वडवणी. विषय: लागणीबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत. महोदय, वरील विषयी विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, नवीन जनावर एकवीस दिवस वेगळे बांधावे, हे आम्हांस ठाऊक आहे व आम्ही ते पाळत आलो आहोत. परंतु लागण कळपातल्याच, हाताने चारलेल्या जनावरापासून झाल्यास, व सदर जनावर विकण्याची मालकाची इच्छा नसल्यास, वेगळे कोणास बांधावे, जनावरास की मालकास, व किती दिवस, याचा खुलासा शासनाच्या कोणत्याही परिपत्रकात आढळत नाही. तरी मे. साहेबांनी प्रत्यक्ष घरी येऊन पाहणी करावी, दिवस ठरवून द्यावेत, आणि ते भरल्यावर लोकर कापण्यासाठी आपल्या कार्यालयातील एखादा त्रयस्थ कर्मचारी पाठवावा, ही नम्र विनंती.'